साधं पान

गवती चहाचा काढा उकळायला लागला की दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. ऑफिसनं बँकॉकला पाठवलं होतं, तेव्हा पाठदुखीवर मी रोज क्रेटम नावाच्या झाडाच्या पानांची पूड घ्यायचो, तिथं ती दुकानात सहज मिळायची. दुबईत परतल्यावर ती मिळेना म्हणून बंद झाली आणि घाम, अंगदुखी, चिडचिड सुरू झाली. बायकोला वाटलं, फ्लू. लेकीनं काढा आणला, तो मी हातानं उडवला, कप फुटला. ती मागे सरली. "बाबा, यू आर स्केअरी." तेव्हा कुठे बायकोला खरं सांगितलं. "अगं, साधं पानच होतं!" "मग सवय सुटत का नाहीये?" ती म्हणाली. इथं फार्मसीत डॉक्टरची चिठ्ठी मागतात म्हणून मीच कुरकुरायचो. बँकॉकला त्या पुडीवर सवय लागेल असा इशाराही नव्हता. पानाच्या विक्रीलाही नियम हवा, हे त्या फुटलेल्या कपानं पटवलं. आज लेकीनंच काढा केलाय. कप देताना ती मागे सरत नाही.