कोपर नको, अंगठा लाव

मंडळी, आज बारामतीत माझ्या मसाज सेंटरला वडगाव निंबाळकरच्या एक मावशी आल्या. घरी गाई. पाठ पार दगड झालेली.

असा खोल मसाज मी कोपरानं करते, अंगाचा भार टाकून. माझे अंगठे आधीच गेलेत. सकाळी भाकरीचं पीठ मळवत नाही.

मावशी लगेच म्हणाल्या, "कोपर काय लावती गं? अंगठ्यानं दाब की. हाताला जीव न्हाय व्हय तुझ्या?"

समजावलं, पण ऐकेचनात. शेवटी अंगठ्यांनीच केलं. डोळ्यांत पाणी आलं, त्यांना दिसलं नाही.

उठल्यावर खूश होऊन म्हणाल्या, "माझं बी अंगठं धारा काढून काढून गेलं बघ. म्हणून पोरानं मशीन आणलं. आता हातानं काढावं लागत न्हाय."

मी म्हटलं, "मावशी, माझं कोपर म्हणजे तेच मशीन."

त्या हसल्या. "रविवारी सुनंला आणते. तिला बी अंगठ्यानंच कर हां."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं तर दुसरीकडं जातील.

हे फोनला बोलून लिहितेय, अंगठा स्क्रीनवर टेकवत नाही. खरं सांगा, कोपर लावलं की तुम्हालाही फसवल्यासारखंच वाटतं का?