गडावरचा ब्रेक

गाडी शिकवणारे आमचे काका गडावरून पडले, ही बातमी आम्ही घरी पोचायच्या आधीच गल्लीत पोचली होती. कुणी म्हणे भोवळ आली, कुणी म्हणे काकूनेच ढकललं! साफ खोटं. काकांनी ब्रेक मारला, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर गडबिड विसरा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. उभा जन्म काकांनी गडाखालच्या चढावर शिकाऊ लोकांकडून गाड्या चढवून घेतल्या, पण वर पाय म्हणून ठेवला नव्हता. झालं, हट्टाला पेटले. काकूने कपाळाला हात लावला आणि पाण्याची बाटली भरली. मीही सोबत निघाले.

वाटभर काकांचं तोंड चालूच. समोरून शेळ्या आल्या, तर त्यांनाही, "डावीकडून! आपली बाजू सोडायची नाही!"

"दम खा हो जरा," काकू करवादली. "त्यांना काय लायसन काढायचंय?"

टेकत, धापा टाकत एकदाचे वर पोचलो. तुटका बुरूज, बिनछपराचं कोठार. काकूला वाटलं, आता तरी माणूस गड बघेल. कसलं काय! काका पडक्या तटाशी उभे राहून खालचा चढ न्याहाळू लागले. तेवढ्यात तिथे एक शिकाऊ गाडी मागे घसरली.

"ब्रेक! अहो बाई, ब्रेक!" म्हणत काकांनी दुखरा पाय दाणकन दगडावर हाणला.

खालची गाडी थांबली. वरचा गुडघा गेला.

"बसा आता इथंच!" काकू कडाडली. "तुटक्या बुरुजाला तेवढीच सोबत!"

गुडघा टम्म फुगला. सरळ उतरवेना, म्हणून काका पाठमोरे उतरू लागले आणि काकू वाट सांगू लागली. लग्नानंतर त्यांच्या ओरडण्याला विटून तिने तिसऱ्याच दिवशी गाडी शिकणं सोडलं होतं. त्याची सव्याज परतफेड चालली होती.

"डावीकडे घ्या. डावीकडे म्हटलं ना!"

"घेतोय की!"

"हे घेणं?" बाटली आपटून काकू तरातरा निघून गेली.

मी काकांच्या कानाशी लागले. "गेली. आता कसली परत येतेय! लावता पैज?"

"लाव. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

काकू वळणाआडून परत आली. घामाघूम.

"पुढे वाट खचलीय. उजवीकडून चांगली आहे, बघून आले. या आता मागे, हळू."

काल दवाखान्यात काका चाकाच्या खुर्चीतून मागच्या नर्सला सांगत होते, "वळणावर सावकाश, बाई." अस्सा सूर लावला होता म्हणून सांगू! आणि पैज हरलेली मी आपली तोंड दाबून उभी.