कॅप्टनबाईंचा आवाज

आमच्या सिनेमांतला तो डागाळलेला, खडबडीत ग्रह नेमका कुठे चित्रित केला, हे लोक मला अजून विचारतात. मंडईत विचारतात, शाळेच्या पालकसभेत विचारतात. एका पालकांनी तर मुलाच्या गणिताबद्दल अवाक्षर न काढता "मॅडम, लडाखला गेला होतात का?" एवढंच विचारलं. तर आता एकदाचं लिहूनच टाकते. तो ग्रह म्हणजे कडक भाकरी आहे. ज्वारीची, पातळ, बोटाने टिचकी मारली की वाजणारी, आमच्या सोलापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती. काळ्या कापडापुढे टांगायची आणि एका बाजूने टॉर्च मारायचा. भाजल्याचे डाग विवरं होतात आणि फुगे डोंगर होतात.

पहिल्या भागाचं शूटिंग संपल्यावर तो ग्रह आम्ही डब्यात जपून ठेवला होता. दुसऱ्या भागाच्या वेळी डबा उघडला तर आत नुसता चुरा. मंद्रूपहून आलेल्या मामेसासऱ्यांनी तो शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाल्ला होता, आणि वर "जरा जुनी होती की भाकरी" असा शेराही मारला होता. म्हणून दुसऱ्या भागात ग्रहाचा चेहरा वेगळा आहे. शत्रूच्या हल्ल्यात तिथले खंड सरकले, असा शोध प्रेक्षकांनी आपला आपणच लावला, आणि माझ्या नवऱ्याने "बरोबर ओळखलंत" असं उत्तर देऊन टाकलं. दिग्दर्शक लोक असेच असतात.

नवरा रेल्वेत आहे. रोज कुर्डुवाडीला जाऊन येऊन करतो. लहानपणापासून डोक्यात अंतराळाचं खूळ, आणि गाडीत बसल्या बसल्या लिहायची सवय. त्यातून ही तीन सिनेमांची गोष्ट तयार झाली: एक जुनं यान, एक कॅप्टन, आणि घरी परतायची वाट शोधत फिरणारी माणसं. कॅमेरा मित्राचा, पैसे आमचे, आणि नेटवर पाहायला फुकट. यान म्हणजे शेजारच्या शेडमालकांच्या पॉवरलूम शेडची बंद पडलेली अर्धी बाजू. अंतराळपोशाख पांढऱ्या टर्किश टॉवेलचे, मी शिवलेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात टॉवेल घालून युद्ध करायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक, पण घाम टिपायला वेगळा रुमाल लागत नाही, हा एक फायदा. हेल्मेट पाण्याचे जार कापून केलेले.

आणि कॅप्टन म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या ठरवून झालेल्या नाहीत. कॅप्टनच्या कामासाठी कॉलेजातली एक मुलगी यायची होती, तिने ऐन दिवशी परीक्षेचं कारण सांगितलं. सासूबाई शेडमध्ये चहा घेऊन आल्या होत्या. पोशाख त्यांना चपखल बसला. त्यांचं माहेर मंद्रूपकडचं, बालपण शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेलं. कळपातली एक जरी इकडेतिकडे झाली तरी नुसत्या नजरेने कळावं, तशी त्यांची नजर. ती नजर त्यांनी यानातल्या माणसांवरून फिरवली आणि सगळे आपोआप ताठ उभे राहिले. नवऱ्याने तिथल्या तिथे कॉलेजातल्या मुलीला फोन करून परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या.

अडचण होती आवाजाची. शेडच्या उरलेल्या अर्ध्या बाजूला माग चालू असायचे. तो खटखटाट असा की शेजारच्याशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागतं. शेडमालकांनी जागा दिली हेच खूप, त्यात त्यांना माग बंद ठेवा म्हणायला जीभ रेटेना. मग ठरलं, शूटिंगच्या वेळचा आवाज टाकून द्यायचा आणि नंतर सगळं वेगळं रेकॉर्ड करायचं. त्यासाठी शेडमालकांचंच चादरींचं गोडाऊन मिळालं. छतापर्यंत रचलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी फट होती. तिथे बाहेरचा हॉर्नसुद्धा पोचायचा नाही. फक्त उकडायचं आणि खळीचा वास यायचा.

आणि कॅप्टनचा आवाज माझा, हेही ठरलं. म्हणजे नवऱ्याने ठरवलं. "आई बोलते तसं कॅप्टन कसं बोलेल? अंतराळात 'न्हाय' म्हणून कसं चालेल?" असं त्याचं म्हणणं. अंतराळात 'नाही' म्हणणारं तरी कोण भेटलंय, असं मी विचारू शकले असते, पण मी मराठीची शिक्षिका, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे. मला काम आवडलं, मी गप्प बसले.

इथेच ती गंमत झाली जी कुणाला माहीत नाही. आपला आवाज टाकूनच देणार आहेत म्हटल्यावर सासूबाईंनी संवाद पाठ करणं सोडून दिलं. कॅमेरा चालू झाला की चेहरा कॅप्टनचा आणि तोंडाने मनात येईल ते. शत्रूचं यान समोर दिसतंय, कॅप्टन बोट रोखून आज्ञा देतेय, आणि प्रत्यक्षात त्या मला विचारतायत, "गॅस बंद केलास का गं?" मग मी रेकॉर्डिंगला बसायचे तेव्हा आधी त्यांचे ओठ बघायचे आणि त्या ओठांत बसेल असं वाक्य रचायचे. आमच्या सिनेमांतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य आहे, "सूर्य मावळला तरी आपण मावळायचं नाही." सोलापुरात रिक्षांच्या मागे रंगवलेलं आहे ते. सासूबाई त्या वेळी म्हणत होत्या, "चटनी संपली तरी कुनी सांगायचं न्हाय."

दोन भाग असे झाले. लोकांनी डोक्यावर घेतले. मग एकदा सासूबाई भावाकडे मंद्रूपला गेल्या. बाजाराचा दिवस होता. चार-पाच पोरांनी त्यांना ओळखलं, भोवती गोळा झाली, ते वाक्य म्हणून दाखवा म्हणाली. सासूबाईंनी हौसेने म्हटलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "आज्जे, तू न्हवंस ती," एक जण म्हणाला. "दिसायला सेम हायेस की, पर तिचा आवाज येगळा हाय." आणि फोन खिशात घालून निघून गेली.

घरी आल्या त्या चहाला नको म्हणाल्या. पिशवी मांडीवर तशीच. "माज्याच गावात मी डुप्लिकेट झाले," म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून, "तिसऱ्या फिल्लमला मी बोलनार. माजी मी."

नवरा म्हणाला, "आई, लोकांना तोच आवाज माहितीये. अचानक बदलून कसं चालेल?"

"त्वांड बदलतंय व्हय माजं? त्वांड माजंच हाय की."

त्याने त्यांचं मन राखायला एकदा गोडाऊनमध्ये नेलं, कानांवर हेडफोन लावले, समोर कागद धरला आणि "आपले यान संकटात आहे" असं वाचायला लावलं. त्या स्टेशनवरच्या घोषणेसारखं एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मग स्वतःचंच ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. "ही कोन बोलतीया? मला बी ओळखंना झालीया."

विषय संपला, असं नवऱ्याला वाटलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. रिक्षांवरचं वाक्य माझं होतं, फोनवर माझा आवाज ऐकून लोक "कॅप्टन?" असं विचारायचे. हातचं असं सुख सोडायला कुणाला आवडतं? तिसऱ्या भागाचं शूटिंग सुरू झालं आणि सासूबाई मुकाट्याने टॉवेल चढवून यानात येत राहिल्या.

त्यातच गणपतीत आमच्या कॉलनीने पहिले दोन्ही भाग पडद्यावर दाखवले. मंडळाचे स्पीकर कसे असतात ते माहीत असल्यामुळे नवऱ्याने खाली मराठीत संवादही लिहून आणले होते. सिनेमा रंगात आला. कॅप्टन ते सूर्याचं वाक्य म्हणाली, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि तिसऱ्या रांगेतली एक तरुणी खो खो हसायला लागली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या प्रसंगात ती पुन्हा हसली. मग गॅसच्या वाक्याला तर तिने शेजारणीच्या खांद्यावर डोकंच टेकलं.

सिनेमा संपल्यावर ती स्वतःच आमच्याकडे आली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करते. ओठ वाचते, आणि बोलतेही. तिचं बोलणं एकाच सुरात चालतं, काही अक्षरं गळतात, दोन वाक्यं नीट कान द्यावा लागतो, मग कळायला लागतं. ती म्हणाली, "खाली लिहिलंय सूर्य. यांच्या ओठांवर आहे चटणी. माझी आई असंच बोलते. आम्ही पण मंद्रूपकडचेच. सगळे ओठ नाही समजत, पण हे ओठ मी लहानपणापासून वाचतेय." आणि सासूबाईंचा हात धरून, "मला तुमची कॅप्टन आवडली. खाली लिहिलेली नाही. तुमची."

सासूबाई इतक्या खूश झाल्या की तिला सोडेचनात. गॅसचं सांगितलं, चटणी खरंच कशी संपली होती तेही सांगितलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "तिचं तिला ऐकू येत न्हाय, तरी कशी दनक्यात बोलतीया बघ. आन् मी गप बसू व्हय?"

शूटिंगचा शेवटचा दिवस आला. शेवटचा शॉट असा: यान पृथ्वीजवळ आलंय, कॅप्टन एकटी खिडकीशी बसलीय आणि घरी निरोप पाठवतेय. मी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याच्या शेजारी दिवा धरून उभी होते. सासूबाईंनी खिडकीकडे बघायचं सोडून सरळ माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. पलीकडे माग खटखटत होते. एक अक्षर ऐकू आलं नाही, पण चेहरा असा होता की नवरा "कट" म्हणायला विसरला.

आता त्या ओठांत बसवायला वाक्य हवं होतं. मी पुष्कळ खटपट केली, काही जमेना. सासूबाईंना विचारलं, काय बोलला होतात? "आटवत न्हाय," म्हणाल्या. त्यांनी मला दिलेला पहिला चहासुद्धा त्यांना आठवतो, त्यामुळे मी यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी त्या तरुणीला मेसेज केला. ती रविवारी सकाळी आली. सासूबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. नवऱ्याने लॅपटॉपवर शॉट लावला.

तिने एकदा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. हसेल म्हणून आम्ही वाट बघत होतो, ती हसली नाही. मग तिने थांबत थांबत, तिच्या त्या एकसुरी आवाजात, जसंच्या तसं म्हणून दाखवलं:

"सूनबाई, तुजा आवाज लई ग्वाड हाय. पर उद्या मी गेल्यावर ह्येला माजी आटवन आली, तर ह्यो हीच फिल्लम लावून बसंल. आन् तितं तूच बोलत असशील. मग माजं ह्येनं कुटं ऐकायचं?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. नवरा लॅपटॉपकडे बघत राहिला. पडद्यावर त्याची आई थांबलेली होती, तोंड अर्धवट उघडं. मग तो उठला आणि चप्पल न घालताच शेडमालकांकडे गोडाऊनची किल्ली मागायला गेला.

त्याच दुपारी आम्ही सासूबाईंना घेऊन चादरींच्या त्या फटीत शिरलो. तिसऱ्या भागातलं कॅप्टनचं सगळं बोलणं पुढे त्यांनीच केलं, पण सुरुवात शेवटापासून झाली. नवरा म्हणाला, शेवटच्या शॉटमध्ये चेहरा दाखवायचाच नाही, पडद्यावर नुसती खिडकी आणि पृथ्वी ठेवू, म्हणजे ओठ जुळवायची कटकट नको. त्याने कागद आणला नव्हता. सासूबाईंनी हेडफोन चढवले, पदर सारखा केला आणि विचारलं, "काय बोलू?"

"काय बी बोल, आई."

मग गावाकडे रानातून परतताना लांबूनच घराकडे हाक मारतात तशा, मोकळ्या गळ्याने बोलल्या, "आलो रं आमी. दार उगडं ठेव."

आमच्या तीन सिनेमांच्या गोष्टीचं शेवटचं वाक्य ते. त्याच्यामागे जो फुर्र असा आवाज येतो, तो वायरलेसची खरखर आहे असं लोक समजतात, आणि काय झकास इफेक्ट दिलाय म्हणून कौतुक करतात. तो माझ्या नवऱ्याने नाक शिंकरल्याचा आवाज आहे. काढून टाक, असं मी म्हटलं होतं. पण ते वाक्य सासूबाईंना पुन्हा म्हणायला लावायची त्याची तयारी नव्हती.