पेवाचं अर्धं वाक्य

माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: पेवातली ज्वारी वर्षाच्या आत सडते. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. हे वाक्य मी नांदेडला माझ्या मार्गदर्शक सरांच्याच जुन्या प्रबंधातून उतरवलं होतं, तळटीपेसकट. तळटीपेत एका जुन्या मासिकातल्या लेखाचं नाव होतं, पण तो मूळ लेख कोणी पाहिला होता? आमच्यात रीतच तशी. मागच्याची संदर्भसूची पुढच्यानं उचलायची आणि वर मान करून मिरवायचं.

भोकरला घरी बाबांना ते वाचून दाखवलं, तर ते हसायलाच लागले. "सडती? कोन म्हनलं? तीन-तीन साल खाल्ली की आमी!"

झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला. मोबाईलवर शोधलं तर लेखाचं नाव जागोजागी, लेख कुठंच न्हाई. शेवटी कळलं, लातूरच्या एका कॉलेजात त्या मासिकाचे बांधीव अंक आहेत. प्रबंध द्यायला आठवडा उरलेला, तरी एसटीत बसले.

ग्रंथालयातल्या मॅडमनी धूळ झटकून अंक पुढ्यात ठेवला. "हा मागणारी तूच पहिली बघ," म्हणाल्या. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. काय काम केलं होतं त्या माणसानं! पेवात आधी कंदील सोडायचा, विझला तर आतली हवा वाईट, उतरायचं नाही, हेसुद्धा लिहिलेलं. स्वतः खाली उतरून थराथराची ज्वारी चावून पाहिलेली. आणि ते वाक्य! "पेवातली ज्वारी वर्षाच्या आत सडते, पण फक्त वरची वीतभर, खालची वर्षानुवर्षं टिकते." आम्ही स्वल्पविरामापाशीच थांबलो होतो.

आता सरांना सांगायचं कसं? माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच. तरी नांदेडला जाऊन लेखाची झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवली.

सरांनी वाचलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं पोरांना चुकीचं शिकवत राहिलो मी. तळटीप लिही. ही चूक माझ्या प्रबंधातून आली म्हणून लिही, नावासकट."

"सर, तुमचं नाव? आणि मुदत?"

"मुदतीचं मी बघतो. तू लिही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण सरांनी लेख पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला होता.