सिपोरामावशीचा शनिवारचा फोन

शनिवारी फोन वाजला की सिपोरामावशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि मला हाक मारायची, "सुशीला, ये गो. दान्या बोंबलतोय." फोन तिच्या हाताच्या अंतरावर असायचा, पण ती त्याला बोट लावत नसे. मी पापडाच्या पिठाचे हात पदराला पुसत पेणच्या त्या आमच्या आळीतून तिच्या ओटीवर जायची, रिसीव्हर उचलायची आणि तिच्या कानाशी धरून उभी राहायची. ती मांडीवर हात ठेवून बोलायची. मी भिंतीकडे पाहायची. माझा हात अवघडायचा, तिला त्याचं काही नव्हतं.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. तिच्या सासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून त्या घराला गावात शनवार तेली म्हणायचे. घाणा कधीच गेला, नवराही गेला, शनिवार मात्र तिनं सोडला नाही. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, कामाला हात लावायचा नाही. चहा माझ्या घरून जायचा. "आमचा बैल शनवारी बसून असायचा," ती म्हणायची, "मग या डब्यानं कशाला वाजावं?"

एकदा मी तिला विचारलं, "हात लावत नाहीस, मग बोलतेस कशी?"

"हात कामाचा असतो. कान लावला तर चालतं. कानाला काय काम असतं?"

हा नियम तिच्या धर्मात कुठं लिहिलाय मला माहीत नाही. कुठंच नसावा.

दान्या म्हणजे डॅनिएल, तिचा एकुलता एक मुलगा. इस्रायलला जाऊन दिमोना नावाच्या गावात कारखान्यात लागला होता. तिकडे शनिवारी सुट्टी, म्हणून तो शनिवारीच फोन करायचा. "देवाच्या देशात गेला न देवालाच इसरला," असं ती मला सांगायची, आणि शनिवारी सकाळपासून चांगलं पातळ नेसून बसायची. फोनवर पातळ दिसत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला दिसतं ना."

फोन घरात आला तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. आळीतला तो पहिला फोन. त्याच्यावर तिनं विणलेलं झाकण घातलं आणि त्याच्याशी ती माणसाशी वागावं तशी वागायला लागली. इतर दिवशी ती मुंबईच्या नणंदेला फोन लावायची, तर एक बाई हिंदीत सांगायची, सगळ्या लाइनी व्यस्त आहेत. मावशी तिला "बरं बाई" म्हणायची. पुन्हा लावायची, पुन्हा तीच बाई. "बिचारी सकाळपासून एकच बोलते. तिला कोणी पाणी तरी देतं का गो?" ती टेपवरची बाई आहे हे मी समजावलं. तिला ते पटलं नाही.

मधूनच दुसऱ्याच कुणाचं बोलणं घुसायचं. गडब गावचा एक तांदूळवाला असा वरचेवर यायचा. तो आपल्या गिऱ्हाइकाशी भांडत असायचा आणि मावशी ऐकत बसायची. एकदा तिनं मध्येच विचारलं, "शेटजी, जुना तांदूळ हाय का?" तो आधी दचकला, मग भाव सांगितला. पुढं वर्षभर तिनं तांदूळ त्याच्याकडूनच घेतला. मुंबईच्या नणंदेपेक्षा तोच जास्त वेळा लागायचा.

पावसात तर फोन मरायचाच. तेव्हा रोह्यापुढं रेल्वेचं काम चाललं होतं, रस्ते खणलेले, आणि कुठं कुदळ पडली तरी आमचा फोन मुका, असं लाइनमन सांगायचा. एका पावसाळ्यात तो इतका लांबला की मावशीनं एलियाहू नबीला नवस बोलला, फोन चालू झाला तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि ताटात रचलेली फळं. त्यांच्यात लग्नाला करतात, आजारपणातून उठल्यावर करतात. फोनसाठी कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. फोन चालू झाला आणि प्रार्थनेला अलिबागेहून एका म्हाताऱ्या काकांना बोलावून तिनं खरंच मलिदा केला. लाइनमन दोन बश्या खाऊन म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी नवस करू नका. मला निरोप धाडा." ती म्हणाली, "निरोप धाडूनच थकले, म्हणून नबीला सांगितलं."

तिला खरा त्रास होता तो आवाजाच्या उशिराचा. दान्यानं तिकडं काही विचारलं की ते इथं सावकाश पोचायचं. हिनं दिलेलं उत्तर सावकाश तिकडं जायचं. तोवर तो दुसरं विचारून मोकळा. वर तिचाच आवाज मागून परत यायचा, रिकाम्या विहिरीत वाकून बोलावं तसा. आरंभी ती त्याच्याशी भांडायची, "कोण गो ही माझी नक्कल करते?" मग तिनं स्वतःची समजूत घातली. "आमची माणसं जहाज फुटून या किनाऱ्याला लागली. त्यांनाबी वेळ लागलाच की. आवाज काय एका उडीत येईल?"

त्या मधल्या वेळात तिचा चेहरा बदलायचा. डोळे उघडेच, पण बघणं कुठंतरी लांब. घरात सगळं थांबायचं. पलीकडच्या पोह्यांच्या गिरणीचा पट्टा तेवढा धप धप करायचा आणि मला वाटायचं, हे घरच कुठंतरी हळूहळू वाहत चाललंय. एकदा मी विचारलं, "कुठं जातेस गं मधेच?" ती म्हणाली, "पाणी दिसतं. नुसतं पाणी. न त्याच्यावर कोणतरी चालत येतंय असं वाटतं, पण येऊन पोचत नाय."

मला असलं काही दिसत नाही. मी तिला म्हटलं, पित्त झालं असेल.

दान्या दर शनिवारी एकच विचारायचा, तू इकडं कधी येतेस? ती विषय बदलायची. फारच मागं लागला तर "लाइन खराब हाय रे" म्हणायची. कारण आळीतल्या तिच्या जातीच्या घरांपैकी एकेक घर इस्रायलला गेलं, तेव्हा प्रत्येकाला तिनं तोंडावर बोलून घेतलं होतं. "समुद्रानं आणून टाकलं ते गाव सोडा, न जाऊन वाळूत बसा." सख्खा भाऊ निघाला तर त्याच्या मलिद्याला गेली पण जेवली नाही. गावातल्या त्यांच्या मशिदीत, म्हणजे यहुद्यांच्या देवळात, शुक्रवारी दिवा लावायला शेवटी हीच उरली. "मी हितंच मरणार," हे तिनं साऱ्या पेणला सांगून ठेवलं होतं. मलाही ते बरं वाटायचं. शेजार चांगला होता.

मग वैशाखातला एक शनिवार. ऊन असं की आळीत कुत्रं नव्हतं. फोन वाजला, मी उचलला, तिच्या कानाशी धरला. ती ऐकत राहिली. तो मधला वेळ गेला, गिरणीचा पट्टा धप धप करत राहिला. मग ती म्हणाली, "हो." तेवढंच. थोड्या वेळानं रिसीव्हरमधून असा आरडाओरडा आला की मलासुद्धा ऐकू आला. दान्या रडत होता की हसत होता, कळलं नाही. मावशी म्हणाली, "ठेव."

मी विचारलं, काय झालं?

"मी तब्येतीला हो म्हटलं. त्यानं येण्याला धरलं. आवाज उशिरा पोचला न भलत्याच प्रश्नावर जाऊन बसला."

"मग उद्या फोन करून सांग, चुकून झालं."

दुसऱ्या दिवशी मीच तिला बाजारातल्या बूथवर नेलं, कारण परदेशी फोन घरून लागत नसे. ती काचेच्या खोलीत शिरली. मी पायरीवर बसले. काचेवर उन्हाची तिरीप पडली होती, त्यात ती रिसीव्हर कानाला लावून उभी. ओठ हलत नव्हते. बराच वेळ ती तशी उभी राहिली, मत्स्यालयातल्या माशासारखी. बाहेर येऊन म्हणाली, "लागला नाय."

मी संतापले. टेलिफोनच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या साहेबाला विचारलं, तुमच्या यंत्रापायी एका म्हातारीला देश सोडावा लागतोय, त्याचं काय? तो म्हणाला, "बाई, तो आवाज आकाशातून येतो. आमच्या हातात फक्त खांब आहेत." मी त्या खांबांचाही उद्धार केला. आळीत घरोघर सांगितलं. सगळे हळहळले. मावशी मान खाली घालून ऐकायची. दान्याला खरं सांग, म्हणून मी पुष्कळ मागं लागले. ती म्हणायची, "पोराला आनंद झाला गो. आता तो कसा काढून घेऊ?"

कागदपत्रं झाली. निघताना मलिदा झाला, आळी जेवली. जाताना सोबतीला तिकडंच निघालेलं अलिबागचं एक जोडपं होतं. मी एसटी स्टँडवर गेले. मुंबईची गाडी लागली, सामान चढलं. मावशीनं माझा हात धरला. शनिवार नव्हता.

"सुशीला, एक सांगू? रागावू नको. दान्यानं त्या दिवशी तब्येतीचं इचारलंच नव्हतं."

मी हात सोडवून घेतला.

"न बूथवर मी नंबर फिरवलाच नाय."

"मग मला का नाचवलंस? मी त्या साहेबाचा बाप काढून आले."

"इतक्या लोकांना नावं ठेवली. आता कुठल्या तोंडानं सांगू, मला पोराकडं जायचंय म्हणून? तुला तर अजिबात सांगवेना. मग फोनवर ढकललं. त्याला काय, त्याला अब्रू नाय."

मी म्हटलं, "चढ. गाडी सुटेल."

ती चढली, खिडकीशी बसली. मी रडले नाही. मला तेव्हा राग आला होता आणि तो घरी पोचेपर्यंत पुरला.

मावशी तिकडं बरीच वर्षं जगली. सुनेशी तिचं पटलं नाही, तरी परत येते असं कधी म्हणाली नाही. ती गेल्याचं दान्यानं कळवलं.

पुढं माझ्या मुलाला धाटावला कंपनीत नोकरी लागली. त्यानं रोह्यात घर घेतलं आणि बायकोला घेऊन पेणला येऊन म्हणाला, आई, चल आता तिकडंच. सून बाजूला उभी होती, दोन शेजारणी पापड लाटत होत्या. मी त्यांच्या देखत सांगितलं, "येते. मला एकटीला करमत नाही." शेजारणींचे हात थांबले. मी उठून लुगडी बांधायला लागले.