भावजींची काच

आमचे भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, तसे मवाळ माणूस. आमटीत मीठ नसलं तरी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. पण त्यांच्या टेम्पोच्या पुढच्या काचेला कोणी बोट लावलं की संपलं! एकदा नाक्यावरच्या हवालदाराने ‘गाडी बाजूला घे’ म्हणून काचेवर थाप मारली. भावजी खाली उतरले, आधी पंजाचा ठसा पुसला, काचेकडे तिरकं बघून खात्री केली आणि मग गाडी बाजूला घेतली.

आम्ही भिवंडीजवळच्या खारबावचे. ऐंशीच्या सुमाराला भावजींनी टेम्पो घेतला आणि साइझिंगचा माल धरला. साइझिंगमध्ये सुताला खळ चढते. तिथून सूत गुंडाळलेले मोठमोठे रूळ, म्हणजे बीम, उचलायचे आणि निजामपुऱ्यातल्या लूमवर पोचवायचे, हे त्यांचं काम. मी धामणकर नाक्यावर भाजी विकायला बसायची. सकाळी पाट्या घेऊन त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. मोठ्या जाऊबाईंना डिझेलच्या वासाने मळमळायचं, त्यामुळे भावजींची अर्धी बडबड माझ्याच वाट्याला आली. मीही काही कमी बोलकी नव्हते.

भिवंडीत गाडीची काच स्वच्छ ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. साइझिंगच्या बॉयलरची काजळी बसते, तिच्यावर मागांवरून उडालेला बारीक कापूस बसतो आणि वरून पहाटेचं दव. त्यावर ओलं फडकं मारलं की काचेवर लापशीच होते. नवे ड्रायव्हर हमखास तेच करायचे आणि भावजी कपाळाला हात लावायचे. ते आधी कोरड्या कुंचल्याने कापूस झाडायचे. मग वस्त्रगाळ केलेली राख, मग वर्तमानपत्राचा ओला बोळा, शेवटी कोरडा. पावसाळ्यात बिडी उकलून तिची तंबाखू भिजवून काचेवर चोळायचे, म्हणजे पाणी थांबत नाही. हे सगळं रोज. लग्न असो की मयत.

“भायेरची काच कोन पन पुसतो गो धाकले,” ते मला म्हणायचे, “आतली कोन बघत न्हाय. आतली आपल्याच धुरानं मलते.” बिडीचा धूर, उदबत्तीचा धूर, तोंडाची वाफ, सगळं आतून चिकटतं आणि समोरून गाडी आली की काच पांढरी होते, हे त्यांनी मला शिकवलं. मी भाजीवाली, मला काय करायचं होतं? पण तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसले की माझी नजर आधी काचेच्या आतल्या बाजूला जाते.

एका हिवाळ्यात त्यांच्या काचेवर धुरकटपणा आला तो जाईचना. राख झाली, दंतमंजन झालं, व्हिनेगर झालं, रॉकेलही झालं. संध्याकाळी समोरून गाडी आली की म्हणायचे, “बग, दिव्याला रंगाची कडी पडतान. काच साफ न्हाय.” डोकं दुखायचं ते डिझेलमुळे, डोळे चुरचुरायचे ते साइझिंगमुळे. आणि खरं सांगायचं तर त्यात वेगळं काहीच वाटत नव्हतं. भिवंडीत कोणाचे डोळे चुरचुरत नव्हते? आमच्याकडे सर्दी झाली तरी लोक चिमणीकडे बोट दाखवायचे. नाक्यावरचे दुसरे टेम्पोवाले रशीदभाई ओरडायचे, “उस्ताद, और कितना घिसोगे? काच में छेद हो जाएगा!” सगळे हसायचे. मीसुद्धा.

शेवटी भावजींनी काचच बदलली. निजामपुऱ्यातून कोरी काच आणून बसवली, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. मी पाट्या घेऊन केबिनमध्ये चढले. लख्ख ऊन होतं. मला समोरच्या खांबावरचा कावळा दिसत होता, पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीची किनार दिसत होती. भावजी स्टेअरिंगवर बसले, पुढे बघितलं आणि हात लांब करून म्हणाले, “धाकले, फडका दे गो. धूर बसलाय.”

कोऱ्या काचेवर कसला धूर?

घरी गेल्यावर मी स्पष्ट सांगितलं, “भावजी, काचेला काही झालेलं नाही. डोळे दाखवा.”

“माज्या डोल्यांना काय धाड भरली?” ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ड्रायव्हर डोल्यांच्या डाक्टरकडं गेला ही खबर नाक्यावर पोचली, की उद्यापासून मना बीम कोन देनार?” शिवाय त्यांच्या वडिलांचा एक डोळा ऑपरेशननंतर गेला होता, ती भीती मनात होतीच. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. पण ह्यांची दादापुढे मान वर करायची प्राज्ञा नव्हती. जाऊबाई देवाला नवस बोलल्या. भावजी दुसऱ्या दिवशी पहाटे कुंचला घेऊन काचेपाशी हजर.

मग व्हायचं तेच झालं. तिन्हीसांजेला आम्ही खारबावकडे परतत होतो. रस्त्याच्या कडेने एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली होती. ती मध्येच रस्ता ओलांडायला लागली. मी भावजींकडे पाहिलं. पायाची हालचाल नाही, हॉर्न नाही, काही नाही. ते शांतपणे समोर बघत होते. मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. टेम्पो रस्ता सोडून शेतात उतरला आणि बांधावर आदळून थांबला. ती बाई पडली होती. पण मी दार उघडून धावेपर्यंत ती उठली, मोळी उचलली आणि झाडीत पळाली. लाकडं जंगलातली, फॉरेस्टवाले पकडतील म्हणून घाबरली असणार. मी किती हाका मारल्या!

भावजी कपाळाचं रक्त पुसत उतरले. “स्टेरिंग कनाला धरलंस?”

“ती बाई मेली असती, भावजी!”

“कुठली बाई? रस्त्यान कोन नव्हता.”

टेम्पो दुरुस्त झाला आणि ते पुन्हा माल भरायला निघाले. मी त्यांच्या आधी रिक्षाने नाका गाठला आणि टेम्पो आला तशी हात पसरून समोर उभी राहिले. माझा आवाज आधीच भाजीवालीचा. मुकादम, रशीदभाई, रिक्षावाले, गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर ओरडले, “ह्यांना दिसत नाही! ह्यांच्या गाडीत माल भरू नका, एक दिवस माणूस मारतील!” मुकादमाने भरायला आणलेला बीम खाली ठेवायला लावला. भावजी उतरले. किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत खारबावला गेले. इतक्या वर्षांत त्यांना नाक्यावर पायी चालताना कोणी पाहिलं नव्हतं.

मला त्याचा पस्तावा नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओरडेन. पण त्यांच्या चेहऱ्यावरून रंग कसा उतरला ते मी पाहिलं, आणि ते विसरायचं कसं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, उरलेली सांभाळू. थेंब आणले, गोळ्या आणल्या. पण उशीर झाला होता. उरलेलीही थोडी थोडी करून गेली. आमच्या ह्यांनी लायसन काढलं आणि टेम्पो चालवायला लागले, कारण घर चालायला हवं होतं. मग काय, गावाला तोंड फुटलं. धाकटीने नवऱ्याला टेम्पो मिळावा म्हणून नाटक केलं, रस्त्यावर बाई नव्हतीच म्हणे. भावजी हे ऐकायचे आणि गप्प बसायचे. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझ्याशी मात्र बोलणं बंद. मी ताट ठेवलं तर जेवायचे, हात धुवायला पाणी दिलं तर घ्यायचे, पण ‘धाकले’ म्हणून हाक गेली ती गेलीच.

त्या बाईला शोधायला मी किती फिरले! आदिवासी पाड्यांवर गेले, लाकडं विकायला येणाऱ्या बायकांना विचारलं. कोणी म्हणालं, ते लोक वीटभट्टीवर गेले. मी भट्ट्यांवर गेले. मला काय तिच्याकडून काही हवं होतं? फक्त ओटीवर आणून उभी करायची होती, ‘ही बघा’ म्हणून. मिळाली नाही. जाऊबाई एकदा म्हणाल्या, “सोड आता. असली काय नि नसली काय.” मला इतका संताप आला की त्या दिवशी मी घरात जेवले नाही.

वर्षांमागून वर्षं गेली. भावजी खंगले. शेवटच्या उन्हाळ्यात ते ओटीवरच्या खाटेवर पडून असायचे. एका दुपारी जाऊबाई पाण्याला गेल्या होत्या, मी त्यांना पेज भरवत होते. तोंडातला घास गिळून ते म्हणाले, “धाकले.”

मी चमचा वाटीत ठेवला.

“तिच्या अंगावर लुगडं कुठल्या रंगाचं व्हतं गो?”

“हिरवं,” मी म्हटलं. “विटकं हिरवं. आणि मोळी होती डोक्यावर.”

मग त्यांनी विचारलं, “लागलं का गो तिला?”

“नाही हो. उठून पळाली. मी पाहिलं.”

“वाचली ना?”

“वाचली, भावजी.”

“मग बरा केलंस,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्या दुपारी मी पेजेची वाटी तशीच टाकून चुलीपाशी गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. आनंदाने नव्हे, सांगून ठेवते. मला राग आला होता. एवढंच विचारायचं होतं, भावजी, तर इतकी वर्षं कशाला घालवलीत?