जोडी मोडलेली चाकं

नव्या रबराचा वास आला की मुंबई-पुणे रस्त्यावरचं, चिंचवडजवळचं माझं पत्र्याच्या शेडमधलं टायरचं दुकान आठवतं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. एका सकाळी मुंबईचे एक साहेब लाल, बिनछपराची रेसची गाडी घेऊन आले. मागचा एक टायर फाटला होता, दुसरा झिजलेला होता. माझ्याकडे त्याच मापाचा होता, पण नव्या नक्षीचा. जोडीच बदलायला हवी हे ठाऊक असूनही, साहेबांना घाई म्हणून मी एकच चढवला. “चल, बघू कशी पळते,” म्हणत त्यांनी मला शेजारी बसवलं. चिंचांची गार सावली, दवानं ओला रस्ता, आणि वळणावर गाडीचं मागलं अंग हलकेच निसटलं. करडईचं पिवळं शेत आमच्याभोवती संथपणे दोनदा फिरलं आणि आम्ही बांधाला टेकलो. शेतातले आजोबा धावत आले, मागच्या दोन्ही चाकांवरून हात फिरवून मला म्हणाले, “म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुपलाय व्हय रं? गाडा सरळ कसा जाईल?” “तुला माहीत होतं?” साहेबांनी विचारलं. “होतं, साहेब,” मी म्हणालो. त्यानंतर उभ्या जन्मात मी जोडी मोडली नाही. पण खरं सांगू? ते शेत फिरत होतं तेवढा वेळ, गाडी थांबूच नये असं मला वाटत होतं.